विश्लेषण : कॅमेरा की सायकल? खान्देशातल्या फ्रीलान्स क्रीडा छायाचित्रकारासाठी रविवार एकच!

सायकलची शर्यत भल्या सकाळी सुटते, कारण उन्हं चढायच्या आत ती संपवायची असते. फोटोसाठी चांगला उजेडही सकाळचाच. सूर्य डोक्यावर आला की हेल्मेटची सावली थेट डोळ्यांवर पडते आणि फोटोतला चेहरा काळा होतो. म्हणजे ज्या दोन-तीन तासांत शर्यत मारायची, नेमक्या त्याच दोन-तीन तासांत फोटोही काढायचे. फ्रीलान्स क्रीडा छायाचित्रण करायचं आणि स्वतःही शर्यतीत उतरायचं, असं ठरवणाऱ्याचा सगळा पेच इथेच सुरू होतो.

मोठ्या शहरात हा छंद म्हणून खपून जातो. धरणगावसारख्या तालुक्याच्या गावात मात्र पोट कशावर भरायचं, अपघात झाला तर खर्च कोण देणार आणि काढलेला फोटो नक्की कोणाच्या मालकीचा, हे प्रश्न लगेच समोर येतात. त्यांची उत्तरं बहुतेकांना पहिला फटका बसल्यावरच कळतात.

काम नेमकं कसं चालतं?

फ्रीलान्सरला पगार नसतो. एका दिवसाचे किंवा एका स्पर्धेचे ठरवून पैसे मिळतात, नाहीतर फोटोमागे. खान्देशात कामांची तशी वानवा नाही. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा असतात, यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगली असतात, टेनिस बॉल क्रिकेटचे चषक, शाळांची क्रीडा संमेलनं आणि हिवाळ्यात धावण्याच्या स्पर्धा असतात. पण यातल्या बहुतेक ठिकाणी आयोजकाच्या बजेटमध्ये मंडप, ट्रॉफ्या, साउंड आणि बॅनर आधी येतात. फोटोग्राफर शेवटी. 'आपलाच माणूस आहे, येईल की' या खात्यात तो जातो.

त्यामुळे घर चालतं ते लग्नसराईवर. क्रीडा छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्याचे हप्ते नवरा-नवरी फेडतात, हे गमतीनं बोललं जातं पण खोटं नाही. यात सायकलपटूची अडचण अशी की हळद रात्री उशिरापर्यंत चालते, वरात त्याहून उशिरा. दुसऱ्या दिवशी पहाटेचा सराव बुडतो. एप्रिल-मे हे लग्नाचे महिने तसे बुडालेलेच धरावे लागतात. त्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ अंशांवर जातो, म्हणजे सकाळी आठनंतर सायकल काढायची सोयच नाही.

वर्तमानपत्रात नोकरी हा जुना सुरक्षित मार्ग होता. तो जगभर अरुंद झाला आहे. अमेरिकेतल्या 'शिकागो सन-टाइम्स'नं मे २०१३मध्ये एका दिवसात आपला सगळा छायाचित्रण विभाग, म्हणजे २८ जण, कामावरून काढून टाकला होता. आपल्याकडे इतकं नाट्यमय घडलं नाही. इथे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फुकट यायला लागले, एवढंच.

शर्यत मारणारा माणूस फोटो वेगळा का काढतो?

आधी थोडं गणित. शेवटच्या स्प्रिंटमध्ये सायकल ताशी ६० किलोमीटरच्या आसपास जाते. म्हणजे सेकंदाला जवळपास १६.७ मीटर. कॅमेऱ्याचं शटर १/१००० सेकंद उघडलं तर तेवढ्यात सायकल पावणेदोन सेंटिमीटरच्या आत सरकते आणि फोटो बऱ्यापैकी स्पष्ट येतो. १/६० सेकंद ठेवलं तर ती सुमारे २८ सेंटिमीटर सरकते. अशा वेळी कॅमेरा सायकलच्याच वेगानं फिरवत न्यावा लागतो, म्हणजे चेहरा स्पष्ट राहतो आणि मागची झाडं, माणसं, चाकाच्या तारा वाहत्या दिसतात. याला पॅनिंग म्हणतात. हात बसायला हजारो फोटो वाया घालवावे लागतात, पण हे कोणीही शिकू शकतं.

शिकवता येत नाही ती जागा. फोटो कुठे घडणार आहे हे आधी कळणं.

सायकलपटूला ते पायांतून कळतं. घोळक्यात पुढच्याच्या आडोशाला राहिलं की वाऱ्याचा मार कमी बसतो आणि बरीच ताकद वाचते. म्हणून शर्यतीत सगळे एकमेकांना चिकटून चालतात. पण वारा बाजूनं लागला की आडोसा मागे राहत नाही, तिरका पडतो. मग रांगही रस्त्यावर तिरकी पसरते. रस्त्याची रुंदी संपली की मागून येणाऱ्यांना आडोसाच उरत नाही. ते एका कडेला अडकतात, धापा टाकतात आणि तिथे शर्यत तुटते. जिंकणाऱ्याचा फोटो फिनिश लाइनवर मिळतो, हरणाऱ्याचा या कडेला. आणि खरा फोटो बऱ्याचदा हाच असतो.

नकाशा उघडून पाहा. धरणगाव ते चोपडा हा रस्ता तापी ओलांडून जवळपास सरळ उत्तरेला जातो. पावसाळ्याच्या तोंडावर खान्देशात वारा पश्चिमेचा. तो किती जोरात असतो याचा पुरावा धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रूपानं उभाच आहे. अशा दिवशी या रस्त्यावर घोळका गेला तर त्याची शेपटी पूर्वेच्या कडेला अडकणार. ज्यानं त्या कडेला स्वतः दम टाकला आहे, तो कॅमेरा घेऊन तिथेच उभा राहतो. बाकीचे फोटोग्राफर चौकात, स्वागत कमानीखाली.

हल्ला कधी होणार याच्याही खुणा असतात. हात हँडलच्या खालच्या वळणावर जातात, मान एकदा मागे वळते, गिअरचा खट् असा आवाज येतो. प्रेक्षकाला तो वेग नंतर दिसतो. शर्यत केलेल्या माणसाचं बोट त्याआधीच शटरवर असतं.

जगातल्या सायकल छायाचित्रणातलं मोठं नाव असलेले इंग्लंडचे ग्रॅहम वॉटसन याच वाटेनं आले. लंडनच्या एका स्टुडिओत ते कामाला होते, सायकलनं ये-जा करता करता सायकलिंगच्या नादी लागले. १९७७मध्ये ते टूर द फ्रान्स बघायला गेले. एडी मर्क्सची ती शेवटची टूर. तिथे काढलेल्या मर्क्सच्या फोटोला एका ब्रिटिश सायकलिंग साप्ताहिकाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं आणि पुढची सुमारे चाळीस वर्षं, २०१७मध्ये निवृत्त होईपर्यंत, त्यांनी हेच काम केलं. इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये : फोटो हे त्यांचं काम झालं, तेव्हा सायकल रपेटीपुरती उरली. दोन्ही घोडे त्यांनीही शेवटपर्यंत बरोबरीनं पळवले नाहीत.

मग पैशाचं गणित कुठे अडतं?

खेळासाठी लागणारं सामान महाग आहे. आघाडीच्या कंपन्यांचे खास खेळासाठीचे कॅमेरे पाच लाखांच्या आसपास किंवा वर जातात; ४०० मिलिमीटर, एफ २.८ ही मैदानावर दिसणारी पांढरी तोफ दहा लाखांच्या वर. खान्देशातला फ्रीलान्सर ही तोफ विकत घेत नाही. तो मधला कॅमेरा आणि ७०-२०० मिलिमीटरची एक लेन्स घेतो, बाकीचं भाड्यानं.

समजा हे सगळं साडेतीन लाखांत बसलं आणि चार वर्षांत त्याची किंमत वसूल करायची आहे. वर्षाला ८७,५०० रुपये झाले. पावसाळा, सणवार, आजारपण वजा जाता वर्षात कामाचे ४० रविवार धरले, तर प्रत्येक रविवारी जवळपास २,१९० रुपये फक्त कॅमेऱ्याच्या नावानं बाजूला पडले पाहिजेत. यात पेट्रोल नाही, एडिटिंगची रात्र नाही, स्वतःची मजुरी तर नाहीच. आता यातले दहा रविवार स्वतः शर्यत मारण्यात गेले. उरले तीस. तोच आकडा २,९१७वर जातो. म्हणजे सायकलची प्रवेश फी आणि टायर-ट्यूबचा खर्च सोडा, नुसत्या न मिळालेल्या कामामुळे उरलेल्या प्रत्येक कामाचा भार एक तृतीयांशानं वाढला. हे उदाहरणाचे आकडे आहेत. आपापले घालून बघावेत. प्रमाण तेच राहील.

सरकारनं २२ सप्टेंबर २०२५पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला. कॅमेरा मात्र १८ टक्क्यांतच आहे. थोडक्यात, छंद स्वस्त झाला आणि धंद्याचं हत्यार होतं तिथेच राहिलं.

वजनाचीही एक गंमत आहे. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या (यूसीआय) नियमानुसार शर्यतीची सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. दोन कॅमेरे, तोफ आणि आणखी दोन लेन्स बॅगेत भरल्या की वजन साधारण तेवढंच होतं. फरक इतकाच की सायकल माणसाला नेते आणि बॅग माणसाला न्यावी लागते. दिवसभर एका खांद्यावर बॅग, गुडघा टेकून दोन-दोन तास बसणं, यानं पाठ आखडते. सोमवारी सायकलवर बसल्यावर ते कळतं.

मोटारसायकलवर मागे बसून फोटो : कोण ठरवतं?

टीव्हीवर दिसतं ते दृश्य अनेकांना खुणावतं. मोटारसायकलवर उलटा बसलेला फोटोग्राफर, समोर धावणारा घोळका. पण मोठ्या शर्यतीत ही जागा मोजक्यांनाच मिळते. कोणती मोटारसायकल कुठे राहील, घोळका कधी ओलांडेल, हे शर्यतीचे पंच ठरवतात. चालवणाऱ्यालाही घोळक्याची भाषा कळावी लागते. याची कारणं रक्तानं लिहिलेली आहेत. २७ मार्च २०१६ रोजी बेल्जियममधल्या गेंट-वेवेलगेम शर्यतीत पडलेल्या अँटोइन डेमोइटी या २५ वर्षांच्या सायकलपटूला शर्यतीतल्याच एका मोटारसायकलची धडक बसली आणि त्यात त्याचा मृत्यू झाला. त्याआधी २०११च्या टूर द फ्रान्समध्ये डेन्मार्कचा निकी सोरेनसन एका फोटोग्राफरच्या मोटारसायकलमुळे रस्त्यावर आपटला होता. त्या मोटारसायकलला शर्यतीतून बाहेर काढण्यात आलं.

आपल्याकडे तालुका पातळीवरच्या शर्यतीत मित्राची बाईक घेऊन घोळक्यात घुसणारे सर्रास दिसतात. त्यांच्यापैकी किती जणांनी बाईकची विमा पॉलिसी वाचली असेल, शंकाच आहे. दुचाकीच्या पॉलिसीत 'वापराच्या मर्यादा' असा एक छोटा परिच्छेद असतो. आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, टिकाऊपणाची चाचणी आणि 'पेस मेकिंग', म्हणजे शर्यतीला वेग लावून देणं, यासाठीचा वापर त्यातून वगळलेला असतो. भाड्यानं वापरही बाहेर. सायकल शर्यतीच्या पुढे धावणारी पायलट बाईक यात बसते का, हा वाद नुकसानभरपाई मागताना घालण्यापेक्षा आधीच कंपनीला लेखी विचारलेला बरा.

ज्यांची शर्यत सायकलची नसून मोटारसायकलचीच आहे, त्यांच्यासाठी तर हे आणखी टोकदार आहे. नाशिक-पुण्याकडे डर्ट ट्रॅकवर उतरायचं तर भारतीय मोटर स्पोर्ट्स क्लब महासंघाचा, म्हणजे एफएमएससीआयचा परवाना लागतो. तो असला तरी रोजच्या बाईकची पॉलिसी ट्रॅकवर कामाची नाही.

आरोग्य विम्यातही पाहण्यासारखी ओळ आहे. विमा नियामकानं ठरवलेल्या अपवादांच्या यादीत धोकादायक आणि साहसी खेळांत 'व्यावसायिक म्हणून' भाग घेतल्यामुळे करावे लागलेले उपचार हा एक अपवाद आहे. मोटर रेसिंगचं नाव त्यात स्पष्ट आहे. सायकल शर्यतीचं नाही, पण यादी 'एवढीच' असंही म्हटलेलं नाही. हौशी आणि व्यावसायिक यातली रेघ इथे महत्त्वाची ठरते. बक्षिसाची रक्कम घेणारा आणि त्याच खेळाच्या फोटोंवर कमावणारा माणूस हौशी की व्यावसायिक? पॉलिसी घेताना दोन्ही कामं लेखी कळवणं हाच यातला शहाणपणा.

काढलेला फोटो कोणाचा?

याबद्दल गावागावात गैरसमज आहे. फोटोग्राफर म्हणतो, मी काढला म्हणजे माझा. आयोजक म्हणतो, मी पैसे दिले म्हणजे माझा. कायदा यात, काहीसा अनपेक्षितपणे, आयोजकाच्या बाजूनं झुकतो.

कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम १७नुसार फोटो काढणारा हाच पहिला मालक. पण त्याच कलमात पुढे अपवाद आहे : कुणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन फोटो काढला असेल आणि उलट करार झालेला नसेल, तर पहिला मालक तो सांगणारा. वर्तमानपत्राच्या नोकरीत काढलेल्या फोटोला वेगळा नियम आहे. तिथे प्रकाशनापुरता हक्क वर्तमानपत्राच्या मालकाचा, बाकीचा छायाचित्रकाराचा. गंमत बघा, नोकरदाराकडे थोडा हक्क उरतो आणि कराराविना काम घेतलेल्या फ्रीलान्सरकडे तेवढाही नाही.

म्हणजे स्पर्धेचे पैसे घेतले, कागद काहीच केला नाही, आणि पुढच्या वर्षी तोच फोटो एखाद्या प्रायोजकाच्या फ्लेक्सवर झळकला, तर भांडायला फारशी जागा नाही. स्वतःच्या खर्चानं, कुणी न बोलावता गेला असता तर तोच फोटो त्याचा राहिला असता.

यावर उपाय वकिलाचा नाही, चार ओळींचा आहे. काम घेतानाच लिहून घ्यायचं : फोटोंचा कॉपीराइट छायाचित्रकाराकडे राहील, आयोजकाला अमुक वापराची परवानगी अमुक काळासाठी. कारण हक्क देण्याचा करार कायद्यानुसार लेखीच लागतो आणि त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. दोन्हीकडच्या सह्या असलेला कागद आधी झालेला असला की पुढची वादावादी टळते. आणि मालकी गेली तरी एक गोष्ट जात नाही. कलम ५७नुसार निर्मात्याला आपलं नाव सांगण्याचा हक्क राहतो. फोटोखाली नाव मागणं म्हणजे उपकार मागणं नव्हे. २०१२च्या दुरुस्तीनंतर फोटोंनाही निर्मात्याच्या हयातीनंतर ६० वर्षांपर्यंत संरक्षण आहे, म्हणजे आज चोपडा रस्त्यावर काढलेला फोटो नातवंडांच्या काळातही कोणाच्या तरी मालकीचा असेल.

नाव पुसलं जातं ते बऱ्याचदा दुष्टपणानं नाही, व्हॉट्सअ‍ॅपमुळे. फोटोच्या फाइलमध्ये छायाचित्रकाराचं नाव, तारीख, कॅमेऱ्याची माहिती भरता येते. पण व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ही माहिती गळून पडते. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी जाते. दोन बोटांचं काम आहे. खान्देशातल्या किती तरी चांगल्या फोटोंचे बाप याच एका सवयीअभावी हरवले आहेत.

धरणगावात राहून जमेल का?

जागा म्हणून धरणगाव वाईट नाही. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरचं स्टेशन आहे, सायकल लगेज म्हणून बुक करून ब्रेक व्हॅनमधून नेता येते. रस्ते सपाट आहेत, वाऱ्यातला सराव फुकट मिळतो. खायला केळी आहेत. जगभरचे सायकलपटू शर्यतीत जर्सीच्या खिशात जे फळ ठेवतात, ते इथे बांधावर आहे.

नाही तो घाट. चढाचा सराव करायचा तर उत्तरेला सातपुडा, नाहीतर दक्षिणेला चाळीसगावपुढचा कन्नड घाट गाठावा लागतो. त्या घाटाचं जुनं नाव औट्रम घाट. ज्या जेम्स औट्रमच्या नावावरून ते पडलं, त्यानंच १८२५च्या सुमारास खान्देश भिल्ल पलटण उभारली आणि तिचं मुख्य ठाणं धरणगावात होतं. म्हणजे धरणगावातून औट्रम घाटाकडे जायची परंपरा दोनशे वर्षांची म्हणायची! या मार्गावर सायकल नेताना मात्र इतिहासापेक्षा मागचा लाल दिवा जास्त कामाचा.

संधी वाढतायत, हेही खरं. जानेवारी २०२६मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर ही यूसीआयच्या २.२ दर्जाची टप्प्यांची शर्यत झाली. प्रस्तावना टप्पा आणि चार मुख्य टप्पे मिळून सुमारे ४३७ किलोमीटर. अशा शर्यतीत परदेशी संघांना, सायकल कंपन्यांना, प्रायोजकांना फोटो हवे असतात आणि घोळका वाचता येणारे फोटोग्राफर आपल्याकडे थोडे आहेत. तिथे रस्त्यावर उतरून शर्यत केल्याचा अनुभव थेट पैशात बदलू शकतो. पण त्यासाठी आधी नमुन्याचे फोटो लागतात. ते गावच्या शर्यतींतूनच जमवावे लागतात, म्हणजे पुन्हा तो रविवार आलाच.

म्हणून वर्षाचं वेळापत्रक उलटं मांडावं लागतं. आधी स्वतःच्या शर्यती लिहायच्या. दहा नाही, तीन किंवा चार. त्यांच्या आधीचे दोन आठवडे लग्नाचं काम घ्यायचं नाही. उरलेले रविवार कॅमेऱ्याचे, आणि त्या रविवारी सायकल घरी. 'जाता जाता दोन फोटो काढू' असं म्हणून नंबर लावून उतरलेला माणूस शर्यतही घालवतो आणि फोटोही. वर घोळक्यात एका हातानं मोबाइल काढणारा मागच्या दहा जणांना पाडू शकतो.

दोन्ही एकत्र जमण्यासारखा एक प्रकार मात्र आहे. ब्रेव्हे. फ्रान्समधल्या ऑडॅक्स क्लब पॅरिझियनच्या नियमांनी चालणाऱ्या या लांब पल्ल्याच्या राइड भारतात ऑडॅक्स इंडियामार्फत होतात. ही शर्यत नाही, पहिला-दुसरा नंबर नाही, फक्त वेळेत पोहोचायचं. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला वीस, ४००ला सत्तावीस, ६००ला चाळीस. साडेतेरा तासांत २०० म्हणजे सरासरी ताशी १५ किलोमीटरही पडत नाही. शर्यतीचे पाय असलेला माणूस ताशी २५नं गेला तर आठ तासांत राइड संपते आणि साडेपाच तास हातात राहतात. छोटा कॅमेरा हँडलच्या बॅगेत बसतो. घड्याळ चालूच असतं, पण रस्त्याच्या कडेला सायकल टेकवून मागून येणाऱ्यांची वाट बघायला एवढा वेळ पुरतो.